‘दाय’ आणि ‘दाइन’ : चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतला ‘तुझा’ कसा ओळखावा

शेक्सपिअरचं एखादं सुनीत उघडा, इंग्रजी बायबलचं 1611 सालचं भाषांतर उघडा किंवा टागोरांची इंग्रजी ‘गीतांजली’ उघडा. पहिल्या काही पानांतच टी-एच-वाय असा तीन अक्षरी शब्द भेटतो, मागोमाग टी-एच-आय-एन-ई असा त्याचा भाऊबंद येतो. अर्थ अंदाजानं लागतो, म्हणून वाचणारा पुढे जातो. पण दोन शब्द का, कुठे कोणता, आणि मुख्य म्हणजे कोण कोणाला असं म्हणतंय, हे अंदाजानं लागत नाही. हा लेख त्यासाठी आहे. बी.ए.ला इंग्रजी घेतलेल्यांना, भाषांतर करू पाहणाऱ्यांना आणि चर्चमध्ये इंग्रजी प्रार्थना म्हणताना अडणाऱ्यांना तो उपयोगी पडावा.

एक गैरसमज आधीच दूर करू. हे शब्द प्रार्थनेत ऐकू येतात, जुने आणि भारदस्त वाटतात, त्यामुळे ते आदरार्थी असावेत असं बहुतेकांना वाटतं. आजच्या इंग्रज-अमेरिकन वाचकांचाही असाच समज असतो. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. ‘दाय’ म्हणजे ‘तुझा’. ‘आपला’ नाही, ‘तुमचा’ही नाही. देवाला तो शब्द लागतो कारण देव जवळचा आहे. तुकोबा ‘हेचि दान देगा देवा, तुझा विसर न व्हावा’ म्हणतात तेव्हा त्या ‘तुझा’मध्ये अनादर शोधायला कोणी जात नाही. मराठी माणसाचा कान इथे तयारच असतो, आणि तो वापरायला शिकलं की निम्मं काम झालं.

पहिली पायरी : उच्चार

दोन्ही शब्दांची सुरुवात ‘दिस’, ‘दॅट’, ‘मदर’ या शब्दांत येणाऱ्या घोष ध्वनीनं होते. जिभेचं टोक वरच्या दातांना हलकं टेकवायचं आणि आवाज घशातून येऊ द्यायचा. ‘दाय’चं यमक ‘माय’शी जुळतं, ‘दाइन’चं ‘माइन’शी. ‘थाय’ म्हणालात तर त्याचा अर्थ ‘मांडी’ होतो. इंग्रजीत या दोन शब्दांमध्ये फरक आहे तो एवढ्या एका ध्वनीचाच, त्यामुळे प्रार्थना मोठ्यानं म्हणताना जरा जपून. कर्त्याच्या रूपाचा उच्चार ‘दाउ’ आणि कर्माच्या रूपाचा ‘दी’.

दुसरी पायरी : चौघांना एका ओळीत बसवा

सुटे शब्द पाठ केले की गोंधळ होतो. मराठीच्या शेजारी मांडून बघा : ‘दाउ’ म्हणजे तू, ‘दी’ म्हणजे तुला, ‘दाय’ म्हणजे तुझा, आणि ‘दाइन’ म्हणजेही तुझाच, फक्त त्याची जागा वेगळी. ती पुढच्या पायरीत बघू. ‘दायसेल्फ’ म्हणजे तू स्वतः किंवा तुला स्वतःला. हे सगळे एकवचनी. अनेकांशी बोलताना त्या काळी ‘यी’, ‘यू’, ‘युअर’, ‘युअर्स’ ही रूपं होती, म्हणजे आपले तुम्ही, तुम्हाला, तुमचा.

या फरकाचा उपयोग कुठे होतो ते लूकच्या शुभवर्तमानातल्या बाविसाव्या अध्यायात स्पष्ट दिसतं. येशू शिमोन पेत्राला सांगतो की सैतानानं ‘यू’ला गव्हासारखं चाळायची मागणी केली आहे, पण ‘दाय फेथ’ ढळू नये म्हणून मी ‘दी’साठी प्रार्थना केली आहे. चाळले जाणार सगळे शिष्य, म्हणून ‘यू’, तुम्हाला. प्रार्थना मात्र एकट्या शिमोनासाठी, म्हणून ‘दाय’, तुझा विश्वास. आजच्या इंग्रजीत दोन्हीकडे ‘यू’ आणि ‘युअर’च येतं, आणि कोणाबद्दल काय म्हटलं ते वाक्यावरून कळेनासं होतं. मराठी भाषांतरात हा भेद आपोआप टिकतो.

रूपांच्या बाबतीत एक सोयही आहे. मराठीत तुझा भाऊ, तुझी बहीण, तुझं घर, तुझ्या बहिणी असं बदलावं लागतं. ‘दाय’ कशानेही बदलत नाही. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत त्याचा पूर्वज ‘थीन’ नामाच्या लिंग-वचन-विभक्तीप्रमाणे बदलायचा, अगदी आपल्या ‘तुझा’सारखा. शेक्सपिअरच्या काळापर्यंत ती सगळी रूपं गळून गेली होती.

तिसरी पायरी : ‘दाय’ की ‘दाइन’

मूळ शब्द ‘न’कारान्तच होता. व्यंजनापुढे तो ‘न’ गळाला, स्वरापुढे टिकला. हेच ‘माइन’चं झालं आणि ‘माय’ निघाला, आणि हेच ‘अॅन’चं झालं, त्यातून ‘अ’ निघाला. म्हणून ओळखायची सोपी रीत अशी : पुढच्या शब्दाआधी ‘अॅन’ लागत असेल तर ‘दाइन’, ‘अ’ लागत असेल तर ‘दाय’. अॅन आय, म्हणून दाइन आय. अ हाउस, म्हणून दाय हाउस. बघायचा तो उच्चार, स्पेलिंग नाही. ‘यूज’ हा शब्द ‘यू’ अक्षरानं लिहितात, पण उच्चारात पहिला ध्वनी ‘य’ आहे, म्हणून ‘दाय यूज’.

टागोरांच्या 1912 सालच्या इंग्रजी ‘गीतांजली’तल्या अकराव्या कवितेत एक ओळ आहे : ‘ओपन दाइन आईज अँड सी दाय गॉड इज नॉट बिफोर दी.’ डोळे उघड आणि बघ, तुझा देव तुझ्यासमोर नाही. एका ओळीत तिन्ही रूपं आली. ‘आईज’ स्वरानं सुरू होतो म्हणून दाइन, ‘गॉड’ व्यंजनानं म्हणून दाय, आणि शेवटी कर्माच्या रूपातलं दी. नवशिक्यानं पाठ करावी अशी याहून सोयीची ओळ मला माहीत नाही. बंद देवळाच्या कोपऱ्यात जपमाळ ओढत बसलेल्या भक्ताला उद्देशून ती आहे. मूळ बंगालीत कवीनं त्याला ‘तुई’ म्हटलं आहे. बंगालीत तुई, तुमि, आपनि अशा तीन पायऱ्या आहेत आणि ‘तुई’ सगळ्यात खालची, सगळ्यात जवळची. इंग्रजीत उतरवताना कवीनं ‘यू’ न घेता ‘दाउ’ आणि ‘दाय’ घेतले.

आता अपवाद, आणि ते भरपूर आहेत.

‘ह’नं सुरू होणाऱ्या शब्दांपुढे दोन्ही चालायचं. याचा पुरावा बायबलच्या त्या 1611च्या भाषांतरातच मिळतो. जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात, सहाव्या अध्यायात ‘विथ ऑल दाइन हार्ट’ आहे आणि त्याच वाक्यात पुढे ‘दाय सोल’, ‘दाय माइट’. नव्या करारात मत्तयाच्या बाविसाव्या अध्यायात येशू तीच आज्ञा उद्धृत करतो, तिथे ‘विथ ऑल दाय हार्ट’ असं छापलं आहे. पुस्तक एक, आज्ञा एक, आणि रूपं दोन.

खुद्द स्वरापुढेही ‘दाय’ शिरायला लागला होता. शेक्सपिअरच्या अठराव्या सुनीतात ‘दाय इटर्नल समर’ आहे. नियमाप्रमाणे ‘दाइन’ हवं होतं, आणि तसं लिहिलं असतं तरी मात्रांत फरक पडला नसता. पहिल्या सुनीतात मात्र ‘दाइन ओन ब्राइट आईज’ आहे. एकच कवी, एकच संग्रह, 1609 साली छापलेला. यावरून दिसतं ते हेच की बोलण्यात ‘न’ मागे पडत होता आणि कवीला दोन्ही मोकळे होते. ‘ओन’ या शब्दापुढे मात्र बहुतेक वेळा ‘दाइन’च टिकला. ‘टु दाइन ओन सेल्फ बी ट्रू’ हे हॅम्लेट नाटकातलं पोलोनियसचं वाक्य त्यामुळेच कानात बसलेलं आहे.

कीट्सच्या बुलबुलावरच्या 1819 सालच्या कवितेत तर ‘दाय हॅपी लॉट’ आणि लगेच पुढच्या ओळीत ‘दाइन हॅपिनेस’ असं आहे. तोपर्यंत लंडनच्या सर्वसाधारण बोलण्यात हे शब्द उरले नव्हते. इथे नियम शोधत बसू नका. दोन ओळी मोठ्यानं म्हणा, नादासाठी हा बदल केला आहे हे जिभेलाच कळेल.

चौथी पायरी : एकटा ‘दाइन’

‘दाइन’चं दुसरं काम म्हणजे नामाशिवाय उभं राहणं, आजच्या ‘युअर्स’सारखं. इथे पुढच्या ध्वनीचा काही संबंध नाही. गेथशेमाने बागेत येशू म्हणतो, ‘नॉट माय विल, बट दाइन, बी डन.’ माझी इच्छा नको, तुझी होवो. इथे ‘दाय’ कधीही येणार नाही, कारण ज्याला तो चिकटेल असं नामच पुढे नाही. प्रभूच्या प्रार्थनेच्या शेवटी ‘फॉर दाइन इज द किंगडम’ येतं तेही असंच. पुढे ‘इज’ आला म्हणून दाइन, असं नवशिक्यांना वाटतं. तसं नाही. ‘राज्य तुझं आहे’ या वाक्यात ‘तुझं’ विधेय आहे, म्हणून दाइन. आजच्या भाषेत ती जागा ‘युअर्स’ची. ‘युअर’ ठेवून बघा, वाक्य लगेच लंगडतं.

पाचवी पायरी : क्रियापदाकडे नजर

‘दाउ’ कर्ता असला की क्रियापद बदलतं : आर्ट, हॅस्ट, शॅल्ट, नोएस्ट. ‘दाय’मुळे काहीही बदलत नाही, कारण तिथे कर्ता ‘तू’ नसून तुझी वस्तू असते. ‘दाय फादर हॅथ’ बरोबर, ‘दाय फादर हॅस्ट’ चूक.

मग ‘दाय किंगडम कम’ हे काय? ‘कम्स’ किंवा ‘कमेथ’ का नाही? कारण ते विधान नाही, इच्छा आहे. मराठीत ‘तुझे राज्य येवो’. ‘दाय विल बी डन’ तसंच. ‘येतं’ आणि ‘येवो’ यांत जो फरक आहे तोच इथे आहे. इंग्रजीत तो क्रियापदाच्या शेवटी काहीच न लावून दाखवतात, म्हणून नजरेतून निसटतो.

सहावी पायरी : भाषांतरात ‘तुझा’ की ‘आपला’

हा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकात तो सापडणार नाही. दहा आज्ञांतली पाचवी आज्ञा घ्या. निर्गमाच्या विसाव्या अध्यायात ती अशी येते : ‘ऑनर दाय फादर अँड दाय मदर : दॅट दाय डेज मे बी लाँग अपॉन द लँड विच द लॉर्ड दाय गॉड गिव्हेथ दी.’ चार वेळा ‘दाय’. (हा ‘ऑनर’ मुका ‘ह’ असलेला शब्द आहे, पण तो ‘दाय’च्या आधी येतो म्हणून इथे प्रश्न नाही. उलट असता तर ‘दाइन ऑनर’.)

चारही ठिकाणी ‘तुझा’ घातलं तर मराठी कानाला खटकतं : ‘तू तुझ्या बापाचा आणि तुझ्या आईचा मान राख.’ बोलताना चालेल, पण मराठीची मूळ चाल अशी नाही. करणारा आणि मालक एकच असेल तेव्हा मराठी ‘आपला’ वापरते. प्रचलित मराठी बायबलमध्ये ‘आपला बाप व आपली आई ह्यांचा मान राख’ असंच आहे. आणि पुढे ‘लॉर्ड दाय गॉड’ येतं तिथे मात्र ‘तुझा देव परमेश्वर’, कारण त्या उपवाक्यात देणारा देव आहे, तू नाहीस. इंग्रजीत एकच शब्द, मराठीत दोन, आणि निवड ठरते ती कर्ता कोण यावरून.

म्हणून भाषांतर करताना प्रत्येक ‘दाय’जवळ थांबून क्रियापदाचा कर्ता शोधा. कर्ता ‘दाउ’ असेल, किंवा आज्ञार्थात दडलेला ‘तू’ असेल, तर आधी ‘आपला’ घालून बघा. कर्ता दुसरा कोणी असेल तर ‘तुझा’. हा ‘आपला’ आदरार्थी ‘आपला’ नव्हे, हे ध्यानात ठेवा. जवळच आदरार्थी संबोधन असेल आणि घोळ व्हायची शक्यता असेल तर ‘स्वतःचा’ घ्या.

सातवी पायरी : कोण कोणाला म्हणतंय

तेराव्या-चौदाव्या शतकापासून इंग्लंडमध्ये फ्रेंच दरबारी रीतीच्या प्रभावानं एकाच मोठ्या माणसालाही बहुवचनी ‘यू’ म्हणायची पद्धत आली. मग तू-तुम्हीचा सगळा खेळ सुरू झाला. वरचा खालच्याला ‘दाउ’, खालचा वरच्याला ‘यू’. जिवलग एकमेकांना ‘दाउ’, भांडणारेही ‘दाउ’. शहरी, वर सरकू पाहणारी माणसं एकमेकांना ‘यू’ म्हणत गेली आणि 1700च्या सुमारास सर्वसाधारण बोलण्यातून ‘दाउ’ जवळजवळ नाहीसा झाला. त्याच्याबरोबर ‘दाय’ही गेला.

या शब्दाला धार किती होती ते 1603 सालच्या वॉल्टर रॅले यांच्यावरच्या राजद्रोहाच्या खटल्यात दिसतं. सरकारी वकील एडवर्ड कोक भर न्यायालयात त्यांना म्हणाला, ‘आय दाउ दी, दाउ ट्रेटर.’ मी तुला तू म्हणतो, देशद्रोह्या. अहो-जाहोतला माणूस अरे-तुरेवर आणला, आणि तसं करतोय हे उघड सांगितलं. क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी पुढे याच्या उलट टोक धरलं. देवापुढे सगळे सारखे, म्हणून न्यायाधीशालाही ‘दाउ’ आणि ‘दाय’च म्हणायचं. त्यासाठी त्यांनी लोकांचा रोष ओढवून घेतला.

सरावासाठी एक जागा सांगतो. हॅम्लेट नाटकाच्या तिसऱ्या अंकातला चौथा प्रवेश, आईच्या दालनातला. राणी गर्ट्रूड म्हणते, ‘हॅम्लेट, दाउ हॅस्ट दाय फादर मच ऑफेंडेड.’ तू आपल्या वडिलांना फार दुखावलंस. हॅम्लेटचं उत्तर : ‘मदर, यू हॅव माय फादर मच ऑफेंडेड.’ राणीच्या ‘दाय फादर’चा अर्थ आहे क्लॉडियस, तिचा नवा नवरा. हॅम्लेटच्या ‘माय फादर’चा अर्थ मेलेला राजा. वाक्य तेच, ‘दाय’च्या जागी ‘माय’ आला आणि बाप बदलला.

मराठी वाचक इथे हॅम्लेटच्या ‘यू’वर अडकतो. आपल्याकडे आईला ‘तू’ म्हणतात, म्हणून मुलानं आईला ‘तुम्ही’ म्हटलं की गारठा जाणवतो. त्या दरबारात राजपुत्रानं राणी असलेल्या आईला ‘यू’ म्हणणं ही साधी रीत होती. बाण ‘यू’मध्ये नाही, तो ‘माय फादर’मध्ये आहे. खरा बदल पुढच्या ओळीत होतो. राणी म्हणते, ‘कम, कम, यू आन्सर विथ अॅन आयडल टंग.’ आत्ताच ‘दाउ’ म्हणणारी आई ‘यू’वर गेली. रागावलेली आई लेकाला ‘या, आलात का आपण?’ म्हणते तेव्हा जे होतं, ते इथे झालं आहे. हा कानानं घ्यायचा धडा आहे आणि तो घ्यायला मराठी माणसाला इंग्रज वाचकापेक्षा कमी कष्ट पडतात.

बायबलच्या बाबतीत हा निकष लावू नका. त्या भाषांतरकारांनी हिब्रू आणि ग्रीक मूळ पाहून एकवचनाला ‘दाउ’ आणि बहुवचनाला ‘यी’ अशी सरळ जोडणी ठेवली. तिथे राजालाही ‘दाय’ आणि गुलामालाही ‘दाय’. मान-अपमान त्यातून काढू नये.

ओघात आठवलं म्हणून सांगतो. 1579 साली गोव्याला आलेले इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स यांची बोली याच काळातली. त्यांचं मराठी ‘ख्रिस्तपुराण’ 1616 साली छापलं गेलं, शेक्सपिअर वारला त्याच वर्षी. आपलं तू आणि तुम्ही शिकताना त्यांना आजच्या इंग्रजासारखं नवल वाटलं नसणार. त्यांच्या मातृभाषेत तेव्हा दोन्ही होतं.

आठवी पायरी : स्वतः लिहिताना

नाटुकली, शुभेच्छापत्र, पाटी, गाणं यांत हे शब्द वापरायचा मोह होतो. वापरा, पण काही गोष्टी सांभाळा.

अनेकांना उद्देशून ‘दाय’ लिहू नका. सभेला ‘युअर’ म्हणा. एकाच वाक्यात एकाच माणसाला ‘यू’ आणि ‘दाय’ दोन्ही नकोत. शेक्सपिअर तसं करतो, पण त्याच्याकडे बहुधा कारण असतं. ‘दी’ला कर्ता करू नका. नंतरच्या क्वेकरांनी तसं केलं, ती त्यांची बोली. ‘द’ या उपपदाच्या जागी ‘दाय’ घालणं ही सर्रास दिसणारी चूक आहे. जुन्या ढंगाच्या दुकानाच्या पाटीवर ‘यी ओल्ड’ असं दिसतं, तिथला ‘यी’ तर ‘तुम्ही’ही नाही आणि ‘तुझा’ही नाही. तो ‘द’च आहे. ‘थॉर्न’ नावाचं एक जुनं अक्षर छापखान्यात ‘वाय’नं लिहायचे, त्यातून तो घोटाळा झाला.

हे शब्द अगदीच मेलेले नाहीत. ब्रिटनच्या राष्ट्रगीतात देवाला ‘दाय चॉइसेस्ट गिफ्ट्स’ मागतात. कॅनडाच्या राष्ट्रगीतात ‘इन ऑल दाय सन्स कमांड’ होतं, ते 2018 साली ‘इन ऑल ऑफ अस कमांड’ झालं. मुलींनाही सामावून घेण्यासाठी ‘सन्स’ काढला, त्याच्याबरोबर ‘दाय’ही गेला. यॉर्कशरच्या बोलीत ‘दाउ’चं ‘दा’ आणि ‘दाय’चं ‘दी’ होऊन ते अजून ऐकू येतात, विशेषतः म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी. आगाऊपणे अरे-तुरे करणाऱ्याला तिकडे ‘डोन्ट दी दा मी’ म्हणून दटावायची जुनी रीत आहे.

वाचनाला सुरुवात प्रभूच्या प्रार्थनेपासून करा. ती छोटी आहे आणि तिचं मराठी रूप शेजारी ठेवता येतं. मग अठरावं सुनीत, मग ‘गीतांजली’तल्या दहा-बारा कविता, आणि त्यानंतर हॅम्लेटचा तो प्रवेश. चारही गोष्टी प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट मिळतात. छापून घ्या, पेन्सिलीनं प्रत्येक ‘दाय’ आणि ‘दाइन’भोवती गोल करा, समासात मालकाचं नाव लिहा आणि त्याच्याखाली ‘तुझा’ की ‘आपला’ ते लिहा. दुसऱ्या वाचनात प्रत्येक ‘दाइन’पाशी एकच प्रश्न विचारा : पुढे स्वर आहे म्हणून आला, की नामाशिवाय एकटा उभा आहे म्हणून? ज्याचं उत्तर दोन्हींत बसत नाही तिथे टीप लिहून ठेवा आणि ती ओळ दोन्ही रूपं घालून मोठ्यानं म्हणून बघा.